रंग धरतो कसा? पळस, हिरडा आणि आपला धावदोरा



फागुन लागला की आपल्याकडे वेगळं काही सांगावं लागत नाही. धानाच्या बांध्या रिकाम्या असतात, आणि बांधावरचा पळस पेटल्यासारखा दिसतो. लहानपणी आपण सगळ्यांनीच ही फुलं उकळून रंगपंचमीचं पाणी केलंय. त्यामुळे गटात कपडा रंगवायचं काम निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "त्यात काय शिकायचं? फुलं उकळायची, कपडा बुडवायचा!"

आमच्या गटानेही हेच केलं होतं. पहिल्या वर्षी वीस दुपट्टे रंगवले. दोरीवर वाळत घातले तेव्हा सगळी आळी बघायला आली, असा सुंदर केशरी रंग. प्रदर्शनात ते विकले गेले, आम्ही खूश. पुढच्या महिन्यात त्याच गावातल्या एक ताई दुपट्टा घेऊन परत आल्या. रंग गेला होता तो गेलाच, पण जाताना त्यांच्या पांढऱ्या कुर्त्यालाही लागला होता. अशा चार जणींना पैसे परत दिले. बाकीच्या आल्या नाहीत. त्या फक्त पुन्हा कधी आमच्याकडून घेणार नाहीत, एवढंच. कापड मात्र गटाच्या कर्जातून आणलेलं, आणि हप्ता काही थांबला नाही.

चूक फुलांची नव्हती, आमची होती. आम्ही कापड रंगात बुडवलं, पण रंग धरायला त्याला तयार केलंच नव्हतं. नंतर शिकलो, पुष्कळ कपडा वाया घालवून शिकलो. तुमचा वाया जाऊ नये म्हणून हा लेख.

पातेल्यात पडलेला रंग म्हणजे धरलेला रंग नाही

सुती धाग्याला रंगाची स्वतःची ओढ फार नसते. फुलाचं पाणी त्याच्यावर नुसतं बसतं, आणि साबणाच्या पाण्यात उठून जातं. मधे धरून ठेवणारं कोणी लागतं. आपल्या गटाच्या कर्जाला जसा जामीन लागतो तसा. कपड्याच्या रंगाला जामीन राहते ती तुरटी. एका हाताने ती धागा धरते, दुसऱ्या हाताने रंग.

पण सुती धागा तुरटीलाही नीट धरत नाही. म्हणून आधी हिरडा. हिरडा चावला की तोंड कसं तुरट होतं? तो तुरटपणाच कामाचा. सुती कपड्यात तो मुरतो आणि मग तुरटीला घट्ट धरतो. म्हणजे साखळी अशी : धागा, हिरडा, तुरटी, रंग. यातली एक कडी सुटली की सगळं सुटलं.

कोशाचं, म्हणजे टसरचं कापड वेगळं. कोसा किड्यापासून येतो. केस, लोकर यांच्यासारखाच तो प्राण्यापासून मिळणारा धागा. तो तुरटीला थेट धरतो, त्याला आधी हिरडा लागत नाही. आरमोरी, नागभीड, सावली या भागांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढीवर समाजातली घरं पिढ्यान्‌पिढ्या कोसा पाळत आली. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात आंधळगावला त्याचं विणकाम होतं. करवतीच्या दातांसारखे काठ असलेली करवत काठी साडी हे विदर्भाचं वैभव. तिचं अंग कोशाचं आणि काठ सुती असतो. अशी मिश्र साडी रंगवायला घेतली तर अंग एक रंग घेईल आणि काठ दुसरा, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

हे ज्ञान नवं नाही. मोहेंजोदडोच्या उत्खननात मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीने रंगवलेल्या सुती कापडाचा तुकडा मिळाला आहे, हजारो वर्षांपूर्वीचा. मग आपल्या हातातून ते सुटलं काहून? १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापाचं औषध करायला बसला होता. दगडी कोळशाच्या डांबरातून निघालेल्या पदार्थावर त्याचे प्रयोग चालले होते, आणि औषधाऐवजी जांभळा रंग तयार झाला. पुढे कारखान्यात असे शेकडो रंग झाले. स्वस्त, झटपट, पुडी फोडली की झालं. पळस बांधावरच राहिला, पण त्याला धरून ठेवायची रीत सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाया गेल्या.

सुरुवात पाण्यापासून

कपडा आणण्याआधी पाणी तपासा. आपल्या भागात बऱ्याच बोअरवेलच्या पाण्यात लोह असतं. बादलीच्या तळाशी तांबूस थर बसतो, तांदूळ शिजवला तर पिवळट दिसतो, ते पाणी. लोह आणि हिरडा एकत्र आले की काळं होतं, आणि तुमचा पिवळा रंग मळकट खाकी निघतो. मग बाया म्हणतात, फुलंच खराब होती.

तपासणी सोपी आहे. हिरड्याची पूड वाटीभर कोमट पाण्यात भिजवून गाळा. ज्या पाण्याने रंगवायचं ते काचेच्या ग्लासात घ्या, आणि त्यात हे हिरड्याचं पाणी चमचाभर टाका. नुसतं पिवळट झालं तर पाणी चांगलं. निळसर-काळं झालं तर त्यात लोह आहे. ते पाणी राखाडी आणि काळ्या रंगाला चालेल, पिवळ्या-केशरीला नाही. पावसाळ्यात छपराचं पाणी साठवता आलं तर फारच उत्तम.

भांडंही तसंच. लोखंडी कढई रंग काळवंडवते, ॲल्युमिनियमचं पातेलंही रंगात फरक पाडतं. स्टीलचं मोठं गंज घ्या, आणि ते फक्त रंगाचंच ठेवा. रंगाचं भांडं, गाळणी, काठी पुन्हा स्वयंपाकात न्यायची नाही.

एक किलो सुती कपड्याची रीत

वजन नेहमी कोरड्या कपड्याचं घ्यायचं. अंदाजपंचे मूठ-चिमूट नको. किराणा दुकानातला वजनकाटा चालेल.

*पहिलं काम, खळ काढणं.* नव्या कापडाला खळ असते, तेल असतं. २० लिटर पाण्यात ४० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण टाकून कपडा तासभर उकळा. पाणी चहासारखं तांबूस होईल, ती सगळी घाण. स्वच्छ पाण्याने खळबळून वाळवा. झालं की नाही, ते असं बघायचं : कपड्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. लगेच मुरला तर कपडा तयार. मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळा. ही पायरी गाळली की रंग डागाडागांनी बसतो.

*दुसरं काम, हिरडा.* १५० ग्रॅम हिरड्याची पूड थोड्या गरम पाण्यात कालवून ठेवा, गाळा, आणि २० लिटर कोमट पाण्यात मिसळा. कपडा रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पिळून सावलीत वाळवा. धुवायचा नाही. कपडा आता फिक्का पिवळट दिसेल.

*तिसरं काम, तुरटी.* १५० ग्रॅम तुरटी कुटून गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, मग २० लिटर पाण्यात टाका. कपडा त्यात रात्रभर. अधूनमधून खालवर करा. दुसऱ्या दिवशी एकदाच हलकं खळबळून घ्या, म्हणजे वरवर राहिलेली तुरटी निघून जाईल. ती राहिली तर रंग धाग्याऐवजी पाण्यातच धरला जातो.

*चौथं काम, रंग.* वाळलेली पळसफुलं कपड्याच्या वजनाइतकी, म्हणजे १ किलो, आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. सकाळी तासभर उकळा आणि जुन्या सुती धोतरातून गाळा. ओली फुलं वापरायची तर कितीतरी जास्त घ्यावी लागतात, कारण ओल्या फुलात बहुतेक पाणीच असतं. गाळलेल्या रंगात ओला कपडा सोडा. मंद आचेवर पाऊण ते एक तास ठेवा, वाफ दिसावी पण खदखदू नये. काठीने सारखा हलवत राहा. मग जाळ काढा आणि कपडा त्याच पाण्यात थंड होऊ द्या.

*पाचवं काम, वाट बघणं.* सावलीत वाळवा. एक-दोन दिवस तसाच ठेवा, मग रिठ्याच्या पाण्याने धुवा. पहिल्या धुण्यात थोडा रंग निघेलच, तो जास्तीचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात पाणी जवळजवळ स्वच्छ यायला पाहिजे.

कोशाला सोड्यात उकळायचं नाही, धागा खराब होतो. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवा, १ किलोला साधारण १०० ग्रॅम तुरटीत रात्रभर ठेवा, आणि रंगवताना उकळी येऊ देऊ नका. कोशाचा मूळ रंगच सोनेरी-तांबूस असतो. त्यामुळे पळसाचा रंग त्याच्यावर जुन्या सोन्यासारखा उतरतो. पांढऱ्या सुती कपड्यासारखा लख्ख पिवळा तो होणार नाही, आणि व्हायला नकोही.

कोणती वस्तू, कोणता रंग

हळद : सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी. उन्हात पटकन उडते. साबण लागला की लाल होते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, जुन्या काळी हळदीचंच कुंकू करत, ते याच गुणावर. विकायच्या मालाला हळद वापरू नका.

पळस : पिवळा ते केशरी. चुना किंवा सोडा लागला की रंग आणखी तांबडा होतो. म्हणजे गिऱ्हाइकाने कडक साबणाने धुतला तर रंग बदलणार, हे आधीच सांगायचं. उन्हात तो हळूहळू फिका पडतो.

डाळिंबाची साल : पिवळा, थोडा मेंदी छटेकडे. तिच्यात तुरटपणा स्वतःचाच असतो, म्हणून रंग चांगला धरतो. रसवंत्या आणि ज्यूसच्या दुकानांत ती फुकट मिळते.

झेंडू : दसरा-दिवाळीनंतर माळा उकिरड्यावर जातात. पाकळ्या वाळवून ठेवा, पिवळा येतो.

कांद्याची साल : तुरटीवर सोनेरी-नारिंगी.

सागाची कोवळी पानं : हातावर चोळली की हात लाल होतात, हे आपल्या पोरांनाही ठाऊक आहे. कपड्यावर विटकरी-तपकिरी छटा येते.

कात : तपकिरी, पक्का. पण कात दुकानातून आणायचा. त्यासाठी खैर तोडायचा नाही.

हिरडा आणि लोह : राखाडी ते काळा. किराणा किंवा आयुर्वेदिक दुकानात हिराकस मिळतं. १ किलो कपड्याला ५ ते १० ग्रॅम, गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, रंगवलेला कपडा त्यात पाच-दहा मिनिटं फिरवायचा आणि लगेच स्वच्छ धुवायचा. हिरड्यावर राखाडी येतो, पळसावर मेंदीसारखा हिरवट. हिराकस जास्त झालं तर धागा कुजतो. आज कपडा छान दिसेल, दोन-तीन वर्षांत फाटेल. "थोडं अजून टाकू या, काळा गडद येईल" हा मोह इथेच आवरायचा.

मोरचूद टाकला की हिरवा चमकदार येतो, असं कोणी सांगेल. टाकू नका. तो विषारी आहे, आणि आपलं सांडपाणी शेवटी आपल्याच विहिरीच्या अंगाने जातं. हिराकस आणि तुरटीच्या डब्यांवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही तिथे ठेवा. वापरलेलं पाणी थंड करून विहीर, बोअर, नाला यांच्यापासून लांब, पडीक जागेत ओता. उकळलेली फुलं, साली खताच्या खड्ड्यात.

फुलं आणायची कुठून, आणि कशी

पळस झाडावरून ओरबाडायचा नाही. खाली पडलेली फुलं वेचायची, रंग तेवढाच मिळतो. त्याच झाडाच्या पानांच्या पत्रावळी होतात, त्याच्यावर लाख होते, त्याच्या फुलांवर पाखरं जगतात. साल काढायची तर बिलकूल नाही. ऐनाची साल काढली तर कोसा पाळणाऱ्या घराचं झाडच मेलं.

वनहक्क कायदा २००६ चा. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये. त्यानंतर आपल्या भागातल्या कितीतरी ग्रामसभांना तो मिळाला. जिथे हक्क आहे तिथे हिरडा, बेहडा, पळसफूल हे गौण वनोपज ग्रामसभेचं आहे. म्हणून गटाने गुपचूप पोती भरण्यापेक्षा ग्रामसभेत विषय मांडावा : किती वेचणार, कुठून वेचणार, झाडाला काय ठेवणार. ठराव वहीत असला की उद्या कोणी अडवत नाही, आणि शेजारच्या गटाशी भांडणही होत नाही.

आणि एक गोष्ट, जी रंगापेक्षा मोठी आहे. पळस आणि मोह एकाच दिवसांत येतात, आणि वाघाच्या हल्ल्याच्या बातम्याही याच दिवसांत येतात. वाकून वेचणारी बाई वाघाला बाई दिसत नाही. पहाटे, एकटीने, दाट झाडीत जायचं नाही. ऊन चांगलं वर आल्यावर, चार-पाच जणींनी मिळून, एकीने उभं राहून लक्ष ठेवत. शक्यतो गावाजवळचे बांध आणि रस्त्याकडेचीच झाडं. एवढ्यात पुरेशी फुलं नाही मिळाली तर त्या वर्षी झेंडू आणि डाळिंब. दुपट्ट्यासाठी जीव घालवायचा नाही.

आपला धावदोरा इथेही कामाला येतो

साध्या रंगाच्या दुपट्ट्यापेक्षा नक्षीच्या दुपट्ट्याला भाव जास्त. त्यासाठी छापे विकत आणायलाच पाहिजेत असं नाही. गोधडी शिवणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात एक नक्षी आधीच आहे. तिचं नाव धावदोरा.

तुरटीतून काढलेल्या, वाळलेल्या कपड्यावर खडूने रेघ मारा. पान काढा, डोंगर काढा, करवतीचे दात काढा. दुहेरी जाड दोरा घ्या, टोकाला मोठी गाठ मारा, आणि रेघेवरून अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरचा धावदोरा घाला. शेजारी तशीच दुसरी ओळ, तिसरी ओळ. सगळ्या ओळी झाल्या की दोरे ओढून कपडा घट्ट चुरगळा आणि गाठी मारा. मग कपडा साध्या पाण्यात भिजवून रंगात सोडा. जिथे कपडा आवळला तिथे रंग पोचत नाही. वाळल्यावर दोरा उसवला की रेघेच्या दोन्ही बाजूंना फिक्या ठिपक्यांची नक्षी उमटते. हिरडा आधीच लागलेला असल्यामुळे ठिपके पांढरेशुभ्र नसतात, सायीच्या रंगाचे असतात. तेच छान दिसतात.

दोरा सैल ओढला तर नक्षी पुसट येते. पहिल्या पाच-सहा जणींचं असंच होतं, नाउमेद होऊ नका. उसवताना मात्र घाई नको. कात्री दोऱ्याला लावायची तर ती कपड्याला लागते, आणि तीन दिवसांचं काम एका क्षणात जातं.

शिवणाबद्दल दोन गोष्टी. मशीनवरचा दोरा बहुतेक पॉलिएस्टरचा असतो, आणि तो झाडपाल्याचा रंग घेत नाही. कुर्ती आधी शिवून मग रंगवली तर सगळ्या टिपा पांढऱ्या उठून दिसतात. म्हणून आधी रंगवा, मग रंगाला मिळता दोरा घेऊन शिवा आणि पिको करा. आधी शिवायचंच असेल तर सुती दोरा भरा. दुसरं : उकळल्यावर सुती कपडा आटतो. माप नेहमी खळ काढल्यानंतरच घ्यायचं, नाहीतर बाही आखूड पडते.

विकण्याआधी तीन परीक्षा

प्रत्येक लॉटमधून हाताएवढा तुकडा बाजूला काढा.

धुण्याची : तुकड्याला पांढरा कपडा टाचा आणि रोजच्या साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून धुवा. पांढऱ्याला रंग लागला तर माल विकायचा नाही.

घासण्याची : ओलं पांढरं फडकं तुकड्यावर दहा-वीस वेळा घासा. घाम आल्यावर काय होईल ते इथेच कळतं.

उन्हाची : तुकड्याचा अर्धा भाग वहीच्या पुठ्ठ्याने झाका, आठ दिवस उन्हात ठेवा. मग पुठ्ठा काढून दोन्ही भाग शेजारी बघा.

पळसाचा रंग उन्हाच्या परीक्षेत थोडा हरतोच. ते लपवायचं नाही. पळसाचे पडदे करू नका, दुपट्टे आणि स्टोल करा. चिठ्ठीवर लिहा : "झाडपाल्याचा रंग. पहिले दोन धुणे वेगळे धुवावे. रिठा किंवा सौम्य साबण. सावलीत वाळवावा." महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं, "रंग जाईल का?" तेव्हा "नाही हो, बिलकूल नाही" म्हणण्यापेक्षा परीक्षेचे तुकडे समोर ठेवा. बघून घेतलेलं गिऱ्हाईक परत येतं.

मजुरी धरली का?

आता हिशोब. समजा दहा सुती दुपट्टे केले. कापड १,३०० रुपये. हिरडा, तुरटी, सोडा, रिठा १२० रुपये. जळण १५० रुपये. चिठ्ठ्या, पिशव्या, प्रवास २०० रुपये. बेरीज १,७७० रुपये, म्हणजे दुपट्ट्यामागे १७७. मग आपण २५० ला विकतो आणि म्हणतो, ७३ रुपये सुटले!

पण फुलं वेचणं, उकळणं, धुणं, दोरा घालणं, उसवणं यात बायांचे मिळून चार दिवस गेले. ३५० रुपये रोज धरला तर १,४०० रुपये. आता बेरीज ३,१७० रुपये. दहातला एक दुपट्टा डागाळतोच, म्हणजे विकायला नऊ. एक पडला ३५२ रुपयांना. २५० ला विकला तर प्रत्येक दुपट्ट्यामागे आपण १०२ रुपये पदरचे दिले.

शेतात दुसऱ्याच्या धुऱ्यावर गेलो तर रोज मागतो ना? मग आपल्याच कामाचा रोज काहून सोडायचा? रोज, वाया गेलेला माल आणि वर थोडा नफा धरून भाव काढा. त्या भावाला माल जात नसेल तर नक्षी सुधारा किंवा दुसरी वस्तू करा, पण मजुरी कापू नका. आकडे तुमच्या गावचे टाका, रीत हीच ठेवा.

शिकवायचं कसं

एका बाईला येतं आणि बाकीच्या लाकडं लावतात, असा गट टिकत नाही. ती बाई माहेरी गेली की काम बंद. म्हणून शिकवणं हाही कामाचाच भाग धरा.

शिकवणारीने हात मागे ठेवून उभं राहावं. वजन नवीने करावं, कपडा नवीने हलवावा, चुकलं तर चुकू द्यावं. पण सुरुवात रुमालाएवढ्या तुकड्यावर करावी, म्हणजे चूक स्वस्तात पडते. पहिल्या दिवशी एकच प्रयोग करा : चार तुकडे घ्या. एक नुसता, एक फक्त हिरड्याचा, एक फक्त तुरटीचा, एक दोन्हींचा. चारही एकाच पळसाच्या पाण्यात रंगवा, वाळवा, आणि साबणाने तीनदा धुवा. शेजारी शेजारी मांडले की या लेखात जे दोन पानं लिहिलंय ते एका नजरेत कळतं.

आणि एक रंगवही करा. प्रत्येक लॉटचा तुकडा टाचायचा, आणि खाली लिहायचं : तारीख, कोणत्या विहिरीचं पाणी, कपड्याचं वजन, हिरडा किती, तुरटी किती, फुलं किती, किती वेळ उकळलं, कोणी केलं. ज्या ताईंना लिहिता येत नाही त्यांनी तुकड्याच्या कडेला गाठी माराव्यात, एक गाठ हिरड्याची, दोन तुरटीच्या. बिघडलेले तुकडेही त्याच वहीत ठेवायचे. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर तो परत आलेला दुपट्टा टाचलेला आहे. नवीन बाई आली की आम्ही तिथूनच सुरू करतो.

वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते ते सुरू झालं, आणि झाडपाल्याच्या रंगात खादी रंगवण्याचं काम तिथे होतं. ग्रामसंघाची सहल ठरत असेल तर देवदर्शनासोबत हे ठिकाणही ठेवा. बघून आलेल्या बाया जास्त प्रश्न विचारतात, आणि प्रश्न विचारणारीच लवकर शिकते.

यंदाचा पळस फार तर महिनाभर राहील. तेवढ्यात फुलं वेचून सावलीत वाळवून कोरड्या पोत्यात भरून ठेवा, वर्षभर पुरतील. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटाने वरच्या प्रयोगाचे चार तुकडे घेऊन यावं. सगळ्या गावांचे तुकडे एका चटईवर मांडू, आणि कोणत्या गावचं पाणी कोणत्या रंगाला चांगलं ते आपलं आपणच ठरवू.